स्वतःलाच अडकवलेला हूक

तुम्ही माझ्या वहिनीला रडायला शिकवलंत.

ती आधी रडत नव्हती असं नाही. दादा गेला तेव्हा रडली, नंतरही मोरीत नळ सोडून रडायची, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. पण कुठल्या शब्दावर रडायचं, कुठल्या शब्दावर थांबायचं, डोळे पुसायचे की तसेच ओले ठेवायचे, हे तिला माहीत नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत. त्यासाठी माणूस नेमलात, हॉल दिलात, माइक दिलात आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसून स्वतःचा चष्मा पुसलात. आता तुम्ही म्हणता की त्या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. ते ठिकाणावरून हललं कसं, ते सांगतो. पहिल्यापासून सांगतो, म्हणजे उद्या 'मला कल्पना नव्हती' म्हणायची सोय राहणार नाही.

मी तुमच्या कारखान्यात क्रेन चालवतो. माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, मेंटेनन्समध्ये होता. शेडच्या छपरावर चढून पन्हळी साफ करायच्या, फुटके पत्रे बदलायचे, हे त्याचं काम. छपरावर जाणाऱ्याला बेल्ट मिळतो. अंगाला आवळायचा पट्टा, त्याला दोरी आणि दोरीच्या टोकाला लोखंडी हूक. छपराच्या मधोमध एक तार ताणलेली असते, तिला तो हूक अडकवायचा. पाय निसटला तरी माणूस लोंबकळतो, खाली येत नाही. एवढं साधं आहे. फक्त तीन नंबरच्या शेडवर तार नव्हती. पत्रे बदलले तेव्हा काढली होती, ती परत कोणी ताणलीच नाही. दादा घरी जेवता जेवता म्हणायचा, "बेल्ट नवा कोरा दिलाय. अडकवायचा कशाला, ढगाला?"

तार नसली की छपरावरची माणसं काय करतात, ते खालून दिसत नाही. हूक तसाच सोडला तर पायात येतो. म्हणून तो पुढे ओढून स्वतःच्याच बेल्टच्या कडीत अडकवतात. खट्ट आवाज येतो, हात मोकळे होतात, मनालाही उगाच बरं वाटतं. दादा पत्र्यातून खाली आला तेव्हा त्याचा हूक असाच होता. त्याच्याच कमरेला, नीट, खिळीसकट बंद.

तुमच्या अहवालात आलं: 'कर्मचाऱ्याने बेल्ट अडकवलेला नव्हता.'

पुढे वहिनीला स्टोअरमध्ये नोकरी दिलीत. हातमोजे, हेल्मेट, बूट खिडकीतून द्यायचे. बेल्टसुद्धा. नवऱ्याच्या कमरेला होता तसाच बेल्ट ती रोज सकाळी दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या हातात देत होती आणि प्रत्येकाला म्हणत होती, "सांभाळून हो." कोणाला आई वाटायची ती, कोणाला बहीण. कोणी तिच्या खिडकीपाशी आवाज चढवत नसे.

आता सेफ्टीच्या सभेचं सांगतो. आधी ती सेफ्टीसाहेब घ्यायचे. भिंतीवर अक्षरं यायची आणि साहेब तीच अक्षरं वाचून दाखवायचे, जसे काही आम्ही सगळे आंधळे. हॉलमध्ये एसी. रात्रपाळी करून आलेला माणूस तिथे झोपणार नाही तर काय करणार? आमचे तात्या, कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर, हॉलमध्ये शिरतानाच बूट काढून खुर्चीखाली सरकवायचे. म्हणजे सुरुवातीपासूनच काही लपवाछपवी नाही. कोणी कोपर मारलं, "तात्या, साहेब बोलतायत," की डोळे न उघडता म्हणायचे, "बोलू दे की. मी कुठे अडवलंय?"

एकदा तुम्ही मधेच दार उघडून डोकावलात. अर्धा हॉल माना टाकून पडलेला पाहिलात. माणसं का झोपतात हे विचारता आलं असतं. रात्रपाळीनंतर लगेच सभा का लावता, हेही. तुम्ही विचारलंत ते असं की यांना जागं कसं ठेवायचं. आणि त्यासाठी एक माणूस आणलात.

त्याला आम्ही माइकवाले म्हणायचो. अंगाने बारीक, पांढरे बूट, एका जागी कधी उभे राहायचे नाहीत. खुर्च्यांमधून फिरायचे, नाव विचारायचे, हसवायचे. एक रबरी चेंडू फेकायचे. ज्याच्या हातात चेंडू येईल त्याने उभं राहून सुरक्षेचा एक नियम सांगायचा. पहिल्याच सभेत चेंडू तात्यांकडे गेला. तात्यांनी तो शांतपणे खिशात टाकला.

"काका, चेंडू?" माइकवाले म्हणाले.

"नियम सांगतो. सापडलेली वस्तू सुपरवायझरकडे जमा करावी. ते आले की देतो."

हॉल हसून हसून लोळला. माइकवालेही हसले. माणूस वाईट नव्हता, हे मला इथेच लिहून ठेवायचं आहे. आपलं काम जाणत होता. पण चेंडूचं नवल दोन-चार सभांत संपलं आणि तात्यांचे बूट पुन्हा खुर्चीखाली गेले.

मग माइकवाले हेल्मेट घ्यायला स्टोअरच्या खिडकीशी आले आणि त्यांना वहिनी सापडली.

"ताई," ते तिला म्हणाले, "आकड्यांसाठी कोणी जागं राहत नाही. माणसाला माणूस लागतो. तुम्ही बोला."

संध्याकाळी वहिनीने मला विचारलं, "भाऊजी, बोलू का?"

"कशाला उगाच? जखम उघडी करून दाखवायची?"

"एखादा तरी वाचेल."



पहिल्या सभेत ती शेजारणीशी बोलावं तशी बोलली. दादाच्या डब्याच्या पिशवीचा तुटलेला बंद, तो गाठ मारून गेला, इथून सुरुवात. मग तार. तार नाही म्हणून त्याने किती वेळा सांगितलं होतं, 'ढगाला अडकवू का' म्हणायचा, तेही सांगितलं. मग हूक त्याच्याच कडीत कसा होता. मधेच अडखळली, मधेच भलतंच काहीतरी सांगत बसली, माइक तोंडापासून लांब जायचा. पण एक माणूस झोपला नाही. तात्यांनी वाकून बूट पायात घातले, नाड्या बांधल्या आणि पाय जुळवून बसले. तुम्हीही होतात. 'तार' हा शब्द त्या दिवशी तुमच्या कानांवर पडला आहे. हे विसरू नका, मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी माइकवाल्यांनी तिला ट्रेनिंगच्या खोलीत बोलावलं. मी घरी न्यायला म्हणून बाहेर थांबलो होतो. दार अर्धवट उघडं होतं.

"फार छान बोललात. फक्त जरा लांबलं. ती तार आणि ती कडी काढून टाकू. तांत्रिक काही आलं की लोक सुटतात हातातून."

"पण तार नव्हती म्हणून तर—"

"ताई, बेल्ट अडकवलेला होता का?"

"नाही. पण—"

"मग तेवढंच म्हणा. 'त्याने बेल्ट अडकवला नव्हता.' छोटं वाक्य. त्यानंतर थांबायचं. घाई नाही. आवंढा गिळायचा. हॉल आपोआप तुमच्याकडे येतो, बघा तुम्ही."

"आणि ते 'पण'?"

"ते नंतर."

ते नंतर कधीच आलं नाही. मी सेफ्टीसाहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, तारेचं का गाळलं? ते म्हणाले, "अहवालात जे आहे तेच त्या बोलतात. त्यांची काही तक्रार आहे का? मग तुमची कशी?" वहिनीला म्हटलं तर ती म्हणाली, "भाऊजी, वाक्य काही खोटं नाही ना." खोटं नव्हतंच. निम्मं खरं बोललं की खोटं बोलायचे कष्ट वाचतात.

आणि हॉल खरंच तिच्याकडे यायचा. 'अडकवला नव्हता' म्हणून ती थांबायची, आवंढा गिळायची, आणि क्रेनच्या केबिनमधून बघावं तसं मला मागच्या रांगेतून दिसायचं, की सगळी डोकी एकदम स्थिर झाली. सभा सुटली की पोरं बाहेर येऊन म्हणायची, "साला एक हूक अडकवला असता तर." दादाचं नाव आता तसंच घेतलं जायचं. हूक न अडकवणारा. ज्या माणसाने तारेसाठी तोंडाची वाफ दवडली, तो निष्काळजीपणाचा नमुना झाला. आणि ते त्याच्या बायकोच्याच तोंडून. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

मग तुम्ही तिला बाहेर द्यायला लागलात. दुसऱ्या कारखान्यांत, पाहुण्यांसमोर, मोठ्या सभांत. आमच्या लोकांना तर गोष्ट पाठ झाली होती. माना पुन्हा इकडेतिकडे व्हायला लागल्या. काहीतरी नवं हवं होतं.

माइकवाल्यांनी नवी ओळ आणली. 'त्या दिवशी आमच्या मुलीने त्यांना फोन केला होता. बाबा, लवकर या. म्हणून ते घाईत होते.'

वहिनी म्हणाली, "असं झालंच नाही."

"तिला वाटत नव्हतं का, बाबांनी लवकर यावं?"

"वाटायचं की. रोजच वाटायचं."

"मग तोच फोन समजा. ताई, फोनपाशी प्रत्येक जण मान वर करतो. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी फोन करणारं असतंच ना."

वहिनी तरी कबूल झाली नाही. तेव्हा ते म्हणाले की मजकूर वर पाठवतो, वरून नको म्हणाले तर काढू. मजकूर तुमच्या टेबलावर आला. तुम्ही ओळ काढली नाहीत. तुम्ही तिच्यात एक शब्द वाढवलात. 'बाबा, प्लीज लवकर या.' प्लीज तुमचं. आमच्या घरात कोणी कोणाला प्लीज म्हणत नाही.

नोकरी तुमच्या हातात, खिडकी तुमची, छप्पर तुमचं. तिने ती ओळ म्हटली. पहिल्यांदा म्हटली तेव्हा तुम्ही चष्मा पुसलात.

त्याच खेपेला तुम्ही तिचं बोलणं कॅमेऱ्यात भरून घेतलंत. मग ती ते सभेमागून सभेत बोलत राहिली. एकदा घरी चहा गाळता गाळता मला म्हणाली, "भाऊजी, आता मला तेच आठवतं. फोन वाजतो, ते घाईने चढतात. खरं काय झालं ते मला शोधून काढावं लागतं, कपाटाच्या मागे पडलेल्या वस्तूसारखं." मी म्हटलं, सोड हे. ती म्हणाली, "सोडलं तर खिडकीही सुटेल. आणि बुटकीचं कॉलेज आहे."

बुटकी म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी पडलेलं नाव; दादा गेला तेव्हा ती एवढीशी होती. आता माझ्यापेक्षा उंच आहे, दारातून वाकून येते, पण घरात अजून बुटकीच. तिचा एक नेम होता. संध्याकाळी मी गेटबाहेर पडून फोन हातात घेतला की तिचा फोन यायचा. "काका, कुठे पोचलास? येताना पेनाची रिफिल आण." "काका, लवकर ये, पंखा कुरकुरतोय." काही नाही तर, "काही नाही, सहज." एके दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं पोर मोठी झाली, काकाचं काय काम आता.

ती कोणालाच फोन करत नव्हती. मैत्रिणी घरी येऊन विचारायच्या, अगं उचलतेस पण करत का नाहीस? घरातलं कोणी बाहेर निघालं की ती म्हणायची, "सावकाश या. कितीही उशीर होऊ दे." दर वेळी म्हणायची. मला वाटायचं, काय शहाणी झाली आहे.

मग एका संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, मी त्याच पंख्याचं झाकण उघडून बसलो होतो. बुटकी आईसमोर येऊन बसली.

"आई, मी एवढंच म्हणाले होते की अजून काही?"

"कधी?"

"बाबांना. त्या दिवशी फोनवर. प्लीज लवकर या, एवढंच, की अजून काही म्हणाले होते?"

वहिनीच्या हातातली घडी तशीच राहिली. बुटकीच्या वर्गातल्या एका मुलीचा बाप आपल्या कारखान्यात आहे. त्याच्या मोबाइलवर तुमचा व्हिडिओ होता, तो कॉलेजात फिरला होता.

"तू फोन केलाच नव्हतास गं."

"केला होता. मला आठवतंय. मी लाल खुर्चीवर चढले होते."

मी पाना खाली ठेवला. "हे बघ, फोन आत नेता येत नाही. गेटवर पेटीत ठेवावा लागतो. तेव्हाही तसंच होतं. त्याचा फोन गेटवरच्या पेटीत होता. तिथून मी स्वतः घेऊन आलो. तू केला असतास तरी त्याला कळलं नसतं."

"तुम्ही दोघं मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"अगं, मी कशाला—" वहिनी म्हणाली.

"तू एवढ्या माणसांसमोर सांगतेस, आई. रडून सांगतेस. तिथे खोटं बोलत असशील, तर इथे खरं बोलतेस हे मी कशावरून धरू?"

साहेब, तुम्ही शिकलेले आहात. या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असेल तर मला कळवा.  ती उठली, आतल्या खोलीत गेली. वहिनी त्या एका घडीकडे बघत बसली. डोळे कोरडे होते. रडायचं कसं ते शिकवल्यापासून ती घरात रडली नव्हती.

ती माइकवाल्यांकडे गेली. स्टोअरमधल्या स्टुलावर बसवून तिने त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं, एक ओळ आहे." मग म्हणाले, "मी काढतो ती. पण व्हिडिओ माझा नाही ताई. तो वरचा आहे." ते तुमच्याकडे आले. तुम्ही त्यांना म्हणालात, "चालतंय ते कशाला मोडता?" ते परत येऊन वहिनीला एवढंच म्हणाले, "सेफ्टीच्या दिवशी नेहमीसारखं तुमचं बोलणं आहे. मी मधे बोलणार नाही. त्यापुढे माझाही इलाज नाही."

सेफ्टीचा दिवस वर्षातून एकदा असतो, तेव्हा घरच्यांनाही यायला परवानगी असते. बुटकी येत नव्हती. वहिनी तिला म्हणाली, "तू म्हणालीस ना, तिथे बोलते ते खरं. मग तिथे ये."

हॉल भरलेला होता. तुम्ही पहिल्या रांगेत, शेजारी बाहेरचे पाहुणे. मी आणि बुटकी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. छपरावरची टोळी उशिरा आली. काम थांबवायचं नव्हतं, म्हणून सभेपुरतं खाली उतरवलेलं. बेल्ट अंगावर तसेच. त्यांना मधल्या रांगांत जागा ठेवली होती.

वहिनी नेहमीसारखी सुरू झाली. सकाळ, डबा, दारात मागे वळून बघणं. मग ते वाक्य आलं. "त्याने बेल्ट अडकवला नव्हता." ती थांबली. आवंढा गिळला. हॉल तिच्याकडे आला. आता फोनाची ओळ. तुमचा हात चष्म्याकडे गेलेला मी मागून पाहिला.

ती थांबलेलीच राहिली. माणसं चुळबुळायला लागतात त्याच्याही पुढे गेली. आणि म्हणाली, "आज छपरावरून थेट आलेले कोण कोण आहेत? जरा उभे राहा."

खुर्च्या सरकल्या. टोळी उभी राहिली. तात्याही उभे राहिले, ते अजून छपरावर चढतात.

"तुमचा हूक कुठे आहे, बघा."

त्यांनी खाली बघितलं. मग आम्ही सगळ्यांनी बघितलं. उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचा हूक त्याच्याच बेल्टच्या कडीत होता. बंद, व्यवस्थित. एक तरणा पोरगा लाजून तो सोडवायला गेला. तात्यांनी त्याचं मनगट धरलं. "राहू दे," म्हणाले.

"तात्या, तीन नंबरवर तार आहे?"

"नाही."

"अजून नाही?"

"अजून नाही, बाई."

"मग अडकवायचा कुठे?"

तात्या म्हणजे ज्यांना कधी उत्तर शोधावं लागलं नाही असा माणूस. ते हातात टोपी धरून उभे राहिले. 

पुढच्या रांगेतून कोणीतरी हाताने खूण केली. कोणी ते तुम्हाला माहीत आहे. माइक बंद झाला. माइकवाले भिंतीला टेकून उभे होते, हलले नाहीत. त्यांनीच तिला शिकवलं होतं: माइक गेला तर आवाज चढवू नका ताई, उतरवा, लोक पुढे झुकतात. तिने आवाज उतरवला. आणि लोक झुकले. रांगामागून रांगा, कोपरं गुडघ्यांवर टेकून. माझ्या शेजारी बुटकीही.

"येताना सगळ्यांनी फोन गेटवर ठेवलेत ना? त्याचाही तिथेच होता. माझ्या मुलीने फोन केला नाही. ती घरी होती, पायाला ठेच लागली होती म्हणून माझ्या मांडीवर बसली होती. फोनाचं मी खोटं बोलले. मला शिकवलं, पण तोंड माझं होतं. ती घाई कोणासाठी नव्हती. घाई नव्हतीच. तार नव्हती."

ती रडली नाही. बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला उचलून प्यायली.

तेव्हा तुम्ही उभे राहिलात आणि टाळ्या वाजवल्यात. "धन्यवाद, धन्यवाद. बाहेर चहा तयार आहे." टाळी एकट्याची होती. चहाला कोणी उठलं नाही. टोळी उभी ती उभीच. शेवटी तुम्हीच पाहुण्यांना घेऊन गेलात.

घरी जाताना बुटकी आमच्या दोघांच्या मधून चालत होती. 

"मग ती लाल खुर्ची?" ती म्हणाली. "तीही नव्हती?"

"खुर्ची होती," वहिनी म्हणाली.

"मग तिच्यावर चढून मी काय करत होते?"

वहिनी चालता चालता थांबली. हे तिला कपाटामागून काढावं लागलं असणार. "दिवा लावायचीस. संध्याकाळ झाली की. बटणाला हात पुरायचा नाही, म्हणून खुर्ची ओढायचीस. म्हणून तर बुटकी."

 दुसऱ्या दिवशी मी गेटबाहेर आलो आणि फोन वाजला. "काका, कुठे आहेस? काही नाही, सहज." रस्त्याच्या कडेला उभा राहून मी तो फोन कानाला तसाच धरून ठेवला, ती बोलायची थांबल्यावरही.

हे थोडेच दिवस टिकलं. तुम्ही वहिनीला स्टोअरमधून काढून कपडे धुण्याच्या खात्यात टाकलंत, माइकवाल्यांना निरोप दिलात. ते तुम्ही करणारच होतात, त्याची तक्रार मी इथे करत नाही. पण गेटपाशी नवी माणसं बसवता त्या खोलीत तुम्ही मोठा टीव्ही लावलात आणि त्याच्यावर जुना व्हिडिओ. सकाळपासून पाळी संपेपर्यंत. कामावर येणारा प्रत्येक नवा माणूस आत शिरायच्या आधी बघतो: माझी वहिनी रडते, आवंढा गिळते, हूक अडकवला नव्हता म्हणते, मुलीने फोन केला होता म्हणते. प्लीज लवकर या. तिला हॉलमध्ये बोलू दिलं नाहीत तरी तिचं तोंड तुमच्याकडे ठेवलेलं आहे, हवं तेव्हा चालू करायला.

वहिनी एकदा डबा विसरली. बुटकी तो द्यायला गेटवर आली. खोलीच्या काचेतून तिने ते ऐकलं. आत बसलेली पोरं मान वर करून बघत होती. माइकवाले म्हणायचे ते खरं होतं, फोनपाशी सगळे मान वर करतात. तिने डबा चौकीदाराकडे दिला आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. त्यानंतर आलेला नाही. मी घरी पोचलो की ती दार उघडते आणि म्हणते, "उशीर झाला तरी चालतं, काका." काल मी तिला धरून बसवलं. म्हटलं, तू सगळं ऐकलंयस, तुझी आई सगळ्यांसमोर बोलली, आता काय राहिलं? ती म्हणाली, "आई खोटं बोलली होती तर तो फोन अजून तिथे रोज का वाजतो? ज्यांनी लावलाय त्यांना विचार."

म्हणून विचारतो आहे. तो व्हिडिओ उतरवा, हे मागणं आहेच. तीन नंबरवर तार ताणा, हेही आहेच. उद्या सकाळी तात्या पुन्हा वर चढणार आहेत आणि हूक पुन्हा स्वतःलाच अडकवणार आहेत. पण त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या, बंद केबिनमध्ये मला बोलावून नको, त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, बुटकी शेवटच्या रांगेत बसलेली असताना.

माझ्या भावाने तो हूक कुठे अडकवायचा होता? आणि त्या दिवशी त्याला फोन कोणी केला?

थांबायचं तर थांबा. आवंढा गिळा. कोणी चुळबुळ करणार नाही, कोणाचे बूट खुर्चीखाली नसतील. आम्ही जागे आहोत. बोला.